नॅचरल गुलाबी, केमिकल गुलाबी

मी मत्स्यखाद्याच्या कामात आहे असं कळलं की लोक हमखास विचारतात, ते सॅल्मन माशाला, मांस गुलाबी दिसावं म्हणून, रंगाचं इंजेक्शन देतात ना? नाही हो. इंजेक्शन देतात ते लसीचं. रंग जातो खाद्यातून, आणि जंगली सॅल्मनला तरी दुसरीकडून कुठून मिळतो, तो कोळंबीसारखे बारीक जीव खातो, त्यांच्यात ॲस्टाझॅन्थिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं, त्याचं मूळ जातं पार सूक्ष्म शेवाळापर्यंत. सॅल्मनला स्वतःला ते बनवता येत नाही. पाळलेल्याला रंग न घालता नुसतं फिशमील, सोया आणि तेल घातलं तर मांस निघतं फिकट, राखाडीकडे झुकणारं, आणि तसा तुकडा कुणी उचलत नाही.

मग पुढचा प्रश्न, नॅचरल का सिंथेटिक? इथे माझं डोकं जरा सटकतं, कारण "नॅचरल" म्हणजे नक्की कोण हे कुणी विचारतच नाही. ॲस्टाझॅन्थिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक जागा अशी आहे की तिथली रचना डावी-उजवी होऊ शकते, म्हणून त्याची तीन रूपं. दोन्हीकडे डावी, दोन्हीकडे उजवी, नाहीतर एक डावी एक उजवी. कारखान्यातल्या, म्हणजे सिंथेटिक, मालात तिन्ही असतात, मिश्र रूप निम्मं आणि बाकीची दोन पाव-पाव. हिमॅटोकॉकस शेवाळातलं जवळजवळ सगळं डावं, आणि जंगली सॅल्मनच्या मांसातही जास्त करून तेच. पण फाफिया नावाचं यीस्ट, जे नॅचरल म्हणूनच विकलं जातं, ते बरोब्बर उलटं, उजवं! म्हणजे जंगली माशाशी तुलना केली तर यीस्टपेक्षा कारखान्याचा माल जास्त जवळ. मासा जे रूप खातो तेच मांसात साठवतो, त्यामुळे लॅबवाले नुसत्या तुकड्यावरून सांगू शकतात की रंग कुठून आला.

भीती पसरली त्यात थोडा हात कॅन्थाझॅन्थिनचा, हा याच कुळातला दुसरा रंग. त्वचा सावळी दिसावी म्हणून लोक त्याच्या गोळ्या खायचे आणि काहींच्या डोळ्याच्या पडद्यावर बारीक स्फटिक जमले. मग 2003 मध्ये युरोपियन युनियनने सॅल्मनच्या खाद्यातली मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅमवरून 25 वर आणली. गोळ्यांचा डोस आणि माशातून पोटात जाणारा डोस यात प्रचंड फरक, पण "माशाच्या रंगाने डोळे जातात" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

शेवाळाचं मला स्वतःला कौतुक आहे, खोटं कशाला बोलू. हिरव्यागार पेशी, त्यांचं नायट्रोजन तोडायचं, प्रखर उजेडात ठेवायचं, की त्या घाबरून जाड कवच करतात आणि आतून लालबुंद होतात. मायक्रोस्कोपखाली डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखं दिसतं. पण ते कवच फोडल्याशिवाय माशाला काही मिळत नाही, तसंच खाद्यात टाकलं तर बराचसा रंग आल्या वाटेने बाहेर, आणि फोडायचं म्हटलं की खर्च वाढला. सिंथेटिकचे जांभळट-तपकिरी बारीक दाणे येतात, मोजायचे, टाकायचे, झालं काम.

एकदा शेवाळावर वाढवलेला आणि सिंथेटिकवर वाढवलेला, असे दोन तुकडे शेजारी ठेवून मांसाचा रंग मोजायचा रंगपट्ट्यांचा पंखा लावून बघितला होता, 20 ते 34 आकडे असतात त्यावर. दोन्ही 27.