पेशींच्या मधे काय आहे?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. नववीतल्या 'ऊती' (म्हणजे एकत्र मिळून एक काम करणारे पेशींचे समूह) या धड्यावर माझा चरितार्थ चालला आहे. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे येतो आणि त्याची स्लाइड करून डॉक्टरांच्या हाती द्यायची, हे माझं काम.

अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता ही चार नावं आम्ही पाठ करून आलो होतो. विज्ञानाच्या बाईंनी ती म्हणून घेतलीच नाहीत. "पेशी नंतर बघा, आधी पेशींच्या मधे काय आहे ते बघा," असं म्हणत त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात पेशी एकमेकींना अगदी चिकटलेल्या. दुसऱ्यात चार-दोन पेशी इकडे-तिकडे आणि मधे नुसती मोकळी जागा. पहिली अभिस्तर ऊती, दुसरी संयोजी. मग त्या मोकळ्या जागेत काय भरायचं ते आम्हालाच विचारलं. द्रव भरला तर रक्त होतं, कॅल्शियमचे क्षार भरले तर हाड, आणि घट्ट पण लवचीक द्रव्य भरलं तर नाकाच्या शेंड्यातली कूर्चा. रक्त आणि हाड एकाच गटात कसे, हे पुस्तक वाचून मला पटलं नव्हतं. त्या दिवशी पटलं.

आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. गालाच्या आतून काडीने खरवडलेल्या पेशींवर मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा आणि रांगेत उभं राहायचं. त्या रांगेतच बाईंनी झेवियर बिशाची गोष्ट सांगितली. या फ्रेंच वैद्याने १८०१ साली माणसाच्या शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या, त्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय. शव चिरून, ऊती उकळून, वाळवून, आम्लात ठेवून तो त्यांचे गुण तपासत असे. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. आज आपण चार मुख्य प्रकार मानतो, पण ऊतींकडे बघायची नजर त्याने दिली.

माझ्या कामात सगळ्यात सुंदर काही असेल तर तो श्वासनलिकेचा आडवा छेद. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवायचा, मग मायक्रोटोमवर साधारण ४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घ्यायचे. काप एकामागून एक जोडलेले, आगगाडीच्या डब्यांसारखे येतात. कोमट पाण्यावर सोडले की सुरकुत्या उलगडतात. मग हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी.

आता नळीच्या आतल्या बाजूने बघत जा. आधी उंच पेशींचा अभिस्तर, टोकांना केसांसारखे बारीक रोमक. हे रोमक धूळ अडकलेला चिकट स्राव सतत घशाकडे वर ढकलतात. वर्षानुवर्षं धूम्रपान करणाऱ्यांमध्ये जागोजागी ते नाहीसे होतात, त्यांच्या जागी सपाट पेशींचे थर येतात आणि साठलेला स्राव खोकूनच काढावा लागतो. अभिस्तराच्या खाली सैल संयोजी ऊती, त्यात रक्तवाहिन्या आणि ग्रंथी. मग इंग्रजी 'सी'च्या आकाराची कूर्चा, तिच्या पेशी छोट्या पोकळ्यांत दोन-दोन, चार-चार जणी बसलेल्या. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ती दुखावली तर लवकर भरून येत नाही. 'सी'च्या उघड्या तोंडाशी अनैच्छिक स्नायूंचा पट्टा, आणि शोधलं तर एखादा चेतातंतूंचा जुडगाही सापडतो. चारही ऊती एका काचेवर! चेतापेशी मात्र कापात अख्खी क्वचितच सापडते. पावलापर्यंत जाणारा एकेक चेतातंतू कमरेच्या कण्यापासून निघतो, लांबी जवळजवळ एक मीटर.

तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आहे, त्यामुळे गालाचे तुकडे आमच्याकडे नेहमी येतात. बहुतेक कर्करोग अभिस्तर ऊतीतूनच सुरू होतात. डॉक्टर बघतात ते हे, की बिघडलेल्या पेशींनी अभिस्तराखालचं पातळ पटल ओलांडून संयोजी ऊतीत शिरकाव केला आहे का. रुग्णाचे पुढचे उपचार बरेचसे त्या रेषेवर ठरतात. काप तिरका गेला तर ती रेषा फसवी दिसते. म्हणून मेणात तुकडा बसवताना तो उभा बसलाय ना, हे बघितल्याशिवाय मी मेण थंड होऊ देत नाही.

आमच्या तुकडीतर्फे शाळेला दोन सूक्ष्मदर्शक आणि तयार स्लाइडचा एक संच देत आहोत. श्वासनलिका, कूर्चा, हृदयाचा स्नायू, रक्त आणि पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू यांच्या स्लाइड त्यात आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांना एकच विनंती: पहिल्यांदा दाखवताना नावाची चिठ्ठी झाकून ठेवा आणि मुलांनाच विचारा, पेशींच्या मधे काय दिसतंय?