आधी टेप, मग बोअर

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खाली गेलं की बोअर आणखी खाली न्यायचा, हेच वर्षानुवर्षं चाललं. कायद्याचं लक्षही भोकावरच. १९९३ च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती ५०० मीटरचं अंतर राखलं. २००९ च्या कायद्यानं शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला मनाई केली, पण तो लागू व्हायलाच २०१४ उजाडलं. बोअरच्या गाड्या काही थांबल्या नाहीत.

केंद्राच्या अटल भूजल योजनेनं गावाला वेगळाच प्रश्न विचारला: पाणी आहे किती? उत्तर मांजऱ्या, म्हणजे छिद्रं असलेल्या बेसाल्ट खडकात आणि मुरमात. त्यातून हाती लागणारं पाणी आकारमानाच्या जेमतेम २ टक्के धरा. म्हणजे एका हेक्टरखालची पातळी १ मीटर उतरली, की गेले २ लाख लिटर. आणि त्याच हेक्टरवर ७५ मिलिमीटरचं एक मोकाट ओलित साडेसात लाख लिटर पितं. एका ओलितात पावणेचार मीटर! ठिबक कशासाठी, ते इथं कळतं.

पातळी मोजायला वजन बांधलेला टेप पुरतो. पंप रात्रभर बंद ठेवा, काठावर रंगाची खूण करून दर वेळी तिथूनच मोजा, जमिनीच्या वर असलेल्या काठाची उंची वजा करा. भूजल सर्वेक्षण विभाग जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरात मोजतो, तेच महिने धरा. विहीर आणि बोअर यांचे आकडे एका रकान्यात लिहू नका, दोघांचा खडक वेगळा.

पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी विहिरीतून जमिनीत मुरवणं, बहुतेक ठिकाणी गाळानं मरतं. काळ्या मातीचं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडलं तर झरे लिंपतात. म्हणून आधी गाळ बसायला एक खड्डा, मग विहिरीपासून दोन-तीन मीटरवर २×२×२ मीटरचा गाळणखड्डा: तळाला मोठे दगड, वर गिट्टी, मग बारीक खडी, सगळ्यात वर वाळू. तळातून चार इंची पाइप विहिरीत. वरची वाळू दर उन्हाळ्यात खरवडून बदलायची. हे कोणी करत नाही, आणि तिसऱ्या पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं.

आता तापीच्या महापुनर्भरणाची, म्हणजे नदीचं पाणी मोठ्या प्रमाणावर जमिनीत जिरवण्याची, चर्चा आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशाशी करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी जिरेलही, पण खाली पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथं भूजलच खारं आहे, नुसती पातळी वर येऊन भागत नाही. तिथं टेपासोबत पाण्याचा खारेपणा मोजणारा ईसी मीटरही लागतो.