भिंतीजवळचा सॉस

सॉसमध्ये काळे कण येत होते. दोन हजार लिटरची टाकी, बाहेरून वाफेचं जॅकेट, मधोमध पात्यांचा अॅजिटेटर. प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं एकच, आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढवा. मी म्हटलं, आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघू.

मेश करण्यात दोन दिवस गेले. टाकीचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात वेग नि दाब काढायचा, एवढंच ते असतं. पण पात्याच्या कडेशी मेश बिघडला की सगळंच बिघडतं. निकाल मात्र देखणा आला. तळापासून वरपर्यंत फिरणारे रंगीत बाण, कुठेच काही अडलेलं नाही. प्रिंट घेऊन मी प्लांटमध्ये गेले.

ऑपरेटर काकांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "मॅडम, वर चढून बघा."

झाकणाच्या काचेतून डोकावले. मध्ये सॉस छान घुसळत होता. भिंतीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र मिरपुडीचा एक ठिपका होता, तो मी दहा मिनिटं उभी होते तरी जागचा हलला नाही.

चूक माझीच. घट्टपणाचा डेटाशीटवरचा एकच आकडा मी सगळीकडे टाकला होता. सॉस तसा वागत नाही. बाटली उलटी धरली तर ढिम्म, फटका मारला की भसकन येतो. नमुना व्हिस्कोमीटरवर वेगवेगळ्या वेगांनी मोजला. ढवळण्याच्या वेगाला तो पाण्याच्या जवळपास दहा हजार पट घट्ट निघाला. 60 आरपीएमला रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे ढवळण्याचा जोर घट्टपणाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा, आला 38 च्या आसपास. पुरती खळबळ माजायला तो 10,000 च्या पुढे लागतो.

मोजलेले आकडे टाकून सिम्युलेशनचा दुसरा रन रात्रभर चालला. सकाळी स्क्रीनवर पात्याभोवती एक गुहा दिसली. आत सॉस फिरतोय, बाहेर सगळं निवांत. वेग दीडपट करून पाहिला, तर गुहा जेमतेम फुगली आणि मोटरवरचा भार मात्र चांगलाच चढला.

खरी गंमत बॅफलची. भिंतीला चार उभ्या पट्ट्या, टाकीच्या व्यासाच्या एक दशांश रुंद, अगदी पुस्तकातल्यासारख्या. पातळ द्रवात त्या हव्यातच, नाहीतर अख्खा द्रव एका लयीत गरागरा फिरतो आणि मिसळत काहीच नाही. इथे त्यांच्याच आडोशाला सॉस बसून राहत होता आणि तापल्या भिंतीला करपत होता. "बॅफल कापून टाकू," म्हटल्यावर मीटिंगमध्ये सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

शेवटी बॅफल गेले. भिंतीलगत फिरणारा अँकर, म्हणजे नांगराच्या आकाराचं पातं, बसवला, त्याला भिंत खरवडणारे स्क्रेपर लावले आणि वेग उलट कमी केला.

पहिल्या बॅचला काकांनी स्वतः चिमूटभर मिरपूड भिंतीशी सोडली, घड्याळात पाहिलं, आणि थोड्या वेळाने काही न बोलता बाजूला सरून मला काचेशी जागा करून दिली.

तळाच्या व्हॉल्व्हच्या नळीत सॉस अजून अडकतो. तेवढा तुकडा मी मॉडेलमध्ये घेतलाच नव्हता.