शांतता क्षेत्रातला बालकला महोत्सव

देशोदेशींच्या संस्कृतींची ओळख करून देणारा एक दिवसाचा बालकला महोत्सव गावच्या शाळेच्या पटांगणावर भरवायचे आम्ही पालकांनी ठरवले, तेव्हा मला धास्ती होती ती तालमींची. प्रत्यक्षात मुले महिनाभरात तयार झाली: जपानी ओरिगामी, इंडोनेशियातील वायांगच्या धर्तीवरील सावली-बाहुल्या (तिथे म्हशीच्या कातड्याच्या, आमच्या पुठ्ठ्याच्या), पोर्तुगालमधील आल्गार्व प्रांताचा कोरिदीन्यू हा लोकनाच आणि आपली फुगडी. अडलो आम्ही ध्वनिक्षेपकाच्या परवान्यापाशी.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, हे ठाऊक असल्यामुळे पंचायतीचा आणि पोलिसांचा ना हरकत दाखला जोडून मी पंधरा दिवस आधीच अर्ज दिला. आठवड्याने चौकशीला गेले, तर टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल न उघडताच सांगितले, "शाळेपासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते, बाई." महोत्सव रविवारी आहे, त्या दिवशी वर्ग भरत नाहीत आणि नाचणारी मुले त्याच शाळेची आहेत, हे मी समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. नकार लेखी मागितला, तर म्हणे साहेबांना विचारावे लागेल. साहेब दुसऱ्या दिवशी बैठकीला, तिसऱ्या दिवशी पाहणीला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असते. चौथ्या खेपेला माझ्या आवाजाने ती त्या कार्यालयातच ओलांडली असावी. अर्ज देताना आवक क्रमांकासह पोचपावती अवश्य घ्यावी; मी ती घेतली नव्हती, त्यामुळे अर्ज केव्हा दिला हेही मला सिद्ध करता येईना.

अखेर आम्ही शाळेपासून दूर असलेले पंचायतीचे सभागृह घेतले. जागा बदलल्यामुळे दोन्ही दाखले नव्याने आणावे लागले, म्हणून जागा पक्की करण्यापूर्वी आसपास शाळा, इस्पितळ किंवा न्यायालय नाही ना, हे आधी पाहावे. परवाना हाती पडला तो शुक्रवारी दुपारी चार वाजता. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याची अट त्यात ठळक छापली होती. आमची मुले सहालाच भाजीपाव खाऊन घरी जाणार होती.

रविवारी कोरिदीन्यूच्या अकॉर्डियनसाठी ध्वनिक्षेपक लागला, एवढे खरे. फुगडीच्या मुलींनी मात्र माइक बाजूला करायला सांगितले; त्यांच्या आज्या पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पारंपरिक जागेवर, धालो ही बायकांची लोकगीते गातात, तिथेही तो नसतो.