पोलाद पास, डोकं नापास

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये येतात ती बांधकामावरची पिवळी-निळी हेल्मेटं. पाच किलोचं वजन एक मीटरवरून टाकायचं, खालच्या नकली डोक्यावर बल किती पोचलं ते बघायचं. ५ किलोन्यूटनच्या आत असेल तर पास. रोजचंच.

त्या दिवशी ठाण्याच्या नौपाड्यातले एक काका दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश मार्क-२ हेल्मेट घेऊन आले. उपड्या परातीसारखं पसरट. संग्रहातलं हे जरा चेपलेलं, म्हणून बळी द्यायला तयार. "गोळी अडवतं का, एवढंच सांगा," म्हणाले.

गोळ्या झाडायचा परवाना आमच्याकडे नाही. तसली कामं चंडीगडच्या टीबीआरएल या संरक्षण प्रयोगशाळेसारख्या ठिकाणची. पण उत्तराला बंदूक लागत नव्हती. .३०३ रायफलची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात सुमारे ३,००० ज्यूल ऊर्जा असते, आमच्या वजनात जेमतेम ४९. ही फौजी हेल्मेटं मुळात वर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या छऱ्यांसाठी. अमेरिकेच्या १९४१ च्या एम-१ हेल्मेटलाही .४५ पिस्तुलाची गोळी अडवण्याचीच अट होती, रायफलची नव्हे.

काकांचा चेहरा पडला, पण परत जायला तयार होईनात. मग चुंबक लावलं. चिकटेना, गंजलेल्या कडेला तेवढी किंचित ओढ. म्हणजे हॅडफील्डचं पोलाद, १२ टक्क्यांच्या आसपास मँगनीज, मार खाईल तसतसं कडक होणारं. तीन किलोचा टोकदार ठोकळा सोडला तर बारीक खड्डा पडला, भोक नाही, चीरही नाही. काका खुशीत. आम्हीही, खरं तर.

आता पाच किलोचं वजन. पोलादाला थोडासा पोचा आला, पण स्क्रीनवरची रेघ मर्यादा ओलांडून सरळ वर. आतल्या रबरी गादीचा ऐंशी वर्षांत दगड झालेला, धक्का शोषणार कोण? शेजारच्या टेबलावरचं काहीशे रुपयांचं प्लास्टिकचं हेल्मेट आतल्या पट्ट्यांच्या जाळीमुळे हाच मार आरामात झेलतं. नव्या गादीनिशी हे जुनं कसं वागलं असतं, ते बघायला मला फार आवडलं असतं.

काकांना शिक्क्याचा रिपोर्ट हवा होता. आम्ही ज्यावर तपासतो ते आयएस २९२५ हे कामगारांच्या हेल्मेटांचं भारतीय मानक, फौजी हेल्मेटांसाठी नाहीच, म्हणून साध्या कागदावर आकडे लिहून दिले. साहेबांनी बिल मात्र जीएसटीसकट लावलं. "एवढ्यात चोर बाजारात दुसरं आलं असतं," काका पुटपुटले, आणि खिशातून पाकीट काढलं.