१२३४५६७८९८७६५४३२१ आणि १०६ भागाकार

लेकीने नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला आणि वही माझ्यापुढे धरली. १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. उभा गुणाकार मांडला की कारण दिसतं: एकेक घर सरकलेल्या नऊ ओळी, मधल्या घरात बेरीज ९, हातचा कुठेच नाही. गणिती द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. मी रोज डोंबिवली लोकलनेच मुलुंडला येतो, म्हणून ही संख्या मला घरची वाटली.

"बाबा, हिचे विभाजक किती?"

एक्सेलमध्ये टाकली, तर शेवटच्या २१ ऐवजी ००. ते १५ अंकच धरतं, ही १७ अंकी. मग हातानेच करायचं ठरवलं. आधी वर्गमूळ फोडलं: १११११११११ म्हणजे १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ ला ३ ने भागलं की ३३३६६७, आणि तिथे अडकलो. ही मूळ संख्या आहे का? खात्री करायची तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या १०६.

संध्याकाळी सीएसएमटीला खिडकी मिळाली की पाठकोऱ्या कागदांवर भागाकार. ७ ला बाकी ५, १३ ला ९, ३७ ला १. एकदा १२७ ला बाकी शून्य आली. काय आनंद झाला! घरी ताळा केला, तर गाडीच्या हिसक्यात एक अंक चुकला होता. खरी बाकी ३८. तेव्हापासून प्रत्येकाचा ताळा. १६७ ला पुन्हा बाकी १. पाच दिवसांत २०० पर्यंत पोचलो, ४६ झाल्या.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी आयुष्यभर गणित शिकवलं. कागद पाहून म्हणाल्या, "अरे, ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो ना? मग तिचा कुठलाही मूळ अवयव घे, १ ला त्याने भागलंस की दशांशातले अंक १, ३ किंवा ९ घरांनी परत येणार. एका घराचं चक्र ३ चं, तीन घरांचं ३७ चं, दोन्ही तू बाद केलेस. राहिलं नऊचं. आणि मूळ संख्येतून १ वजा केला की उरलेल्याला चक्राच्या लांबीने भाग जातोच."

म्हणजे अवयव असलाच तर १८ च्या पटीत १ मिळवून येणारा, कारण तो विषमही हवा. माझ्या उरलेल्या ६० मधून राहिल्या फक्त नऊ: २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. मी कितीतरी वेळ त्या यादीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी विक्रोळीच्या आत आठ झाल्या. भांडुपला ५७७, बाकी १६१. मूळच!

घरात शिरताच सांगितलं: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणलं की ५ × ३ × ३, विभाजक ४५. लेकीने तोवर दहा वेळा १ लिहून वर्ग केला होता: १२३४५६७९००९८७६५४३२१.

"बाबा, चढताना ८ कुठे गेला?"

मधल्या घरात बेरीज १० होते, तिथे पहिला हातचा येतो. मी कोरा कागद घेतला आणि तिच्याच हातात पेन दिलं.