त्या कॉलमध्ये कोणीतरी श्वास घेत होतं

रुग्णालयाचा मुख्य नंबर एकच. पेशंटचे नातेवाईक त्यावरच फोन करत आणि बाहेरच्या लॅबही त्यावरच फॅक्स पाठवत. नंबर तोच ठेवून फोन रिसेप्शनला आणि फॅक्स सर्व्हरला आपोआप गेले पाहिजेत, एवढं माझं काम होतं.

फॅक्स मशीनने स्वतः नंबर लावला की ते 1100 हर्ट्‌झचा टोन सोडतं. अर्धा सेकंद टोन, तीन सेकंद शांतता, पुन्हा टोन. फॅक्स करत असल्याची ही खूण, तिला सीएनजी (कॉलिंग टोन) म्हणतात. गेटवे, म्हणजे बाहेरची टेलिफोन लाइन आणि आतलं नेटवर्क जोडणारं यंत्र, हा टोन ओळखू शकतो, पण त्यासाठी त्याला आधी कॉल उचलावा लागतो, कारण उचलल्याशिवाय पलीकडचा आवाज त्याच्यापर्यंत येतच नाही. म्हणून मी असं बसवलं होतं: गेटवे कॉल उचलतो, करणाऱ्याला रिंग वाजत असल्याचं ऐकवत राहतो आणि आठ सेकंद कान देतो. टोनचं चक्र साडेतीन सेकंदांचं, त्यामुळे आठ सेकंदांत किमान दोन पूर्ण टोन सापडतातच. सापडले तर कॉल फॅक्स सर्व्हरकडे, नाहीतर रिसेप्शनकडे. चाचणीत सगळे फॅक्स बरोबर पोहोचले आणि मी निर्धास्त झाले.

चौथ्या दिवशी पॅथॉलॉजीतून तक्रार आली. एका लॅबचा एकही रिपोर्ट येत नव्हता. बाकी सगळ्यांचे येत होते. ज्या पेशंटचं ऑपरेशन त्या रिपोर्टवर अडलं होतं, त्याचा मुलगा खिडकीशी उभा होता. त्याला मी तिथेच पाहिलं, आणि मग जागेवर बसवेना.

माझ्या मनात आधी आलं ते ठरावीकच. टोन क्षीण येत असेल, म्हणून इनपुट गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, थोडी वाढवली. कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करण्याची पद्धत, तपासला. जी.729 हा कोडेक बोलण्यासाठी बनलेला आहे, त्यातून फॅक्सचा आवाज धड जात नाही. पण तिथे आवाज न दाबता पाठवणारा जी.711 च होता. सायलेन्स सप्रेशन, म्हणजे शांततेत आवाज पाठवणं थांबवणं, बंद होतं. ई1 वर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या डिजिटल टेलिफोन लाइनवर, क्लॉक स्लिप (दोन टोकांच्या वेळेचा मेळ चुकून आवाजाचा तुकडा गळणं) वाढत नव्हत्या. (स्लिपची खोड अशी की बोलताना नुसती टिकटिक ऐकू येते, फॅक्स मात्र मधल्या पानावर तुटतो. म्हणून ते मी दर वेळी बघतेच.) शेवटी कान देण्याची वेळ आठवरून बारा सेकंद केली. ही माझी चूक होती. लॅबचा फॅक्स तरीही आला नाही, आणि घाबरून फोन करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला चार सेकंद जास्त थांबावं लागलं. रिसेप्शनच्या ताईंनी मला ते स्पष्ट सांगितलं. त्याच ओघात त्या म्हणाल्या, “आणि रोज दुपारी एक कोरा कॉल येतो. मी नमस्कार म्हणते, पलीकडून फोन ठेवतात.”

कॉलच्या नोंदी काढल्या. कोरा कॉल त्या लॅबच्याच नंबरवरून होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवेवर ई1 च्या बाजूचा आवाज रेकॉर्ड करायला लावला. कॉल आला, संपला. मी हेडफोन घातला. टोन नव्हता. क्षीण नाही, तुटका नाही, मुळी नव्हताच. होती खोलीतली शांतता, खुर्ची सरकल्याचा आवाज, लांबून कोणाचं तरी बोलणं. आणि अगदी जवळ, श्वास. चार दिवस मी मशीन शोधत होते आणि लाइनवर माणूस होतं.

मी लॅबला फोन लावला. फॅक्सचं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं, “ताई, तुम्ही नंबर कसा लावता?”

“रिसीव्हर उचलून. पलीकडून फॅक्सची शिट्टी ऐकू आली की स्टार्ट दाबते. तुमच्याकडे हल्ली कोणीतरी नमस्कार म्हणतं, मग मी ठेवून देते. म्हटलं नंबर चुकला.”

“सरळ मशीनलाच नंबर लावू दिला तर?”

“नाही हो. मागे एकदा एका पेशंटचा रिपोर्ट भलत्याच ठिकाणी गेला. तेव्हापासून ऐकल्याशिवाय पान सोडत नाही.”

यावर मी काय बोलणार? त्यांचं बरोबरच होतं. स्टार्ट दाबेपर्यंत त्यांचं मशीन लाइनवर येतच नव्हतं, मग सीएनजी कुठून येणार? गेटवे त्यांच्या टोनची वाट बघत होता, त्या आमच्या शिट्टीची. ती शिट्टी म्हणजे उत्तर देणाऱ्या फॅक्सचा 2100 हर्ट्‌झचा टोन. तो सगळ्यांनाच ऐकवावा तर काळजीत पडलेल्या माणसाच्या कानात किंचाळी घातल्यासारखं होईल. आणि इतक्या जपून काम करणाऱ्या बाईंना सवय बदला म्हणणं मला पटेना.

म्हणून मी रूटिंग बदललं. त्या लॅबची फॅक्सची लाइन वेगळी आहे, तिच्यावरून कोणी बोलायला फोन करत नाही, हे त्यांच्याकडून पक्कं करून घेतलं. मग त्या नंबरवरून आलेला कॉल टोन न शोधता थेट फॅक्स सर्व्हरकडे जाईल असा वेगळा डायल पीअर, म्हणजे कॉल कुठे वळवायचा याचा गेटवेमधला नियम, लिहिला. पहिल्या प्रयत्नात तो लागलाच नाही. मी नंबर शून्यासकट लिहिला होता आणि बाहेरच्या लाइनवरून तो शून्याशिवाय येत होता. गेटवेची डीबग नोंद लावल्यावर मिनिटभरात दिसलं. हाताने फॅक्स पाठवणारं आणखीही कोणी असणार, म्हणून रिसेप्शनच्या फोनवर कॉल फॅक्सकडे वळवायचं एक बटण दिलं. कोरा कॉल आला तर ठेवून न देता ते दाबायचं, असं ताईंशी ठरलं. कान देण्याची वेळ पुन्हा आठ सेकंदांवर आणली.

बाईंना पुन्हा पाठवायला सांगून मी हेडफोन घालून बसले. सर्व्हरने लगेच उचललं, 2100 चा लांब सूर गेला, पलीकडे बटण दाबल्याची टकटक झाली आणि नेटवर्कवरून फॅक्स पाठवायच्या टी.38 पद्धतीवर कॉल वळला. तीन पानं आली. ती हातात घेऊन मी स्वतः पॅथॉलॉजीत गेले.

परत येऊन त्या डायल पीअरच्या वर्णनात लिहिलं: “इथे माणूस ऐकून फॅक्स पाठवतं. काढू नये.”